कौलावरचा शिक्का

रानखेडच्या महाराजांनी एकदा लेखी कौल दिला होता, की बाहेरच्या तेल्यांनी इथे येऊन घाणे घालावेत, सरकार त्यांना कधी हात लावणार नाही. त्यावरच्या शिक्क्याच्या भरवशावर गिरजा तेलीण आली. पुढे तेल महागलं, महाराजांची नियत फिरली आणि सगळ्या घाण्यांना सरकारी कुलपं लागली.

गिरजा तडक दरबारात गेली. तिथे नव्या पेठेत वसायला आलेले कोष्टी आपल्या कौलाची वाट बघत बसले होते. तिने आपला कौल महाराजांपुढे धरला.

"कौल मीच दिला, मीच मोडला," महाराज गुरगुरले. "बदल्यात काय हवं ते माग."

"तुमचा शिक्का द्या."

"शिक्का? तो कशाला?"

"घाणे गेले, तराजू तेवढा उरलाय. एक पारडं हलकं पडतं, पासंगाला बांधीन. नाहीतरी आता त्याचं दुसरं काय काम?"

कोष्ट्यांचा म्होरक्या हळूच गाठोडं आवळायला लागला.

ते पाहून महाराजांची चुळबुळ सुरू झाली. "दिवाणजी, कुलपं काढा! सगळ्यांचीच काढा!" मग गिरजाकडे वळून ते म्हणाले, "शिक्का मात्र मिळणार नाही."

"आता नकोच, महाराज," गिरजा पदर सावरत म्हणाली. "आता तो तुमच्या कामाचा झाला."