सरपंचांची जांभळी जीभ

सरपंच हैबतराव परदेशच्या अभ्यासदौऱ्यावरून परतले ते ब्लूबेरीचं वेड घेऊनच. पंचायतीसमोरचं जांभळाचं झाड तोडून तिथे ब्लूबेरी लावायची, असा हुकूम सुटला. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. पण कुऱ्हाडवाला आला, तशी त्यांची म्हातारी आत्या चंपूबाई काठी टेकत आली आणि बुंध्याला पाठ लावून बसली. हैबतला तिनेच तर लहानाचा मोठा केला होता.

"आत्या, ऊठ बरं. हे रानटी झाड सगळं अंगण डागाळतं. ब्लूबेरीत जीवनसत्त्वं आहेत, चोथा आहे, हृदयाला ती चांगली. आणि स्मरणशक्ती तर अशी तल्लख होते म्हणतात! महिनाभर रोज खातोय मी."

"उठते की," आत्या म्हणाली. "फक्त एवढं आठवून सांग, हे झाड लावलं कुणी?"

हैबतरावांनी डोकं खाजवलं. "असेल कुणी जुनं माणूस."

"तूच रे! शेजारची जांभळं चोरून खाल्लीस आणि मार चुकवायला बिया इथे पुरल्यास. जीभ जांभळी झालीय, हे मात्र तुला कळलं नाही."

जमलेले गावकरी हसायला लागले. आत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "अजून थोडी ब्लूबेरी खा, बाळा. आठवलं की मग खुशाल तोड."

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाला पुन्हा विचारायला आला. हैबतराव झाडाखालीच उभे होते.

"छे, अजून काही आठवत नाही बुवा," जांभळाची बी थुंकत ते म्हणाले. जीभ चांगली जांभळी झाली होती.