उंडीचे उघडे पाय

आटपाट नगराच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. ही आटपाट बंदराची. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही ती कुणीतरी सांगितलीच असेल, इतकी जुनी.

त्या बंदरात समुद्राच्या काठाने घरं होती आणि प्रत्येक घराच्या अंगणात एक जुनं उंडीचं झाड होतं. उंडी हे किनाऱ्यावरचं चिवट झाड. पानं जाड, फुलं पांढरी आणि सुवासिक, फळांचं तेल काढलं की घरात वर्षभर दिवे जळत. खारा वारा आपल्या अंगावर घेऊन ती मागच्या घराला राखायची. त्यामुळे तिथे घराची ओळख आडनावाने नव्हे, झाडाने होई. "कुठला रे तू?" असं विचारलं की माणूस छाती पुढे काढून सांगे, "वाकड्या उंडीचा." सोयरीक जुळवायला आलेले पाहुणेसुद्धा आधी अंगणातलं झाड बघत आणि मग नवरामुलगा.

शिवाय खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होते. दर्यावरून परतणारे तांडेल किनाऱ्यावरच्या उंडीचे शेंडे ओळखत आणि त्या खुणेवर होडी आत घेत. असा त्या झाडांचा मान होता, आणि बंदरातल्या माणसांना त्याचा अभिमान होता. तो असायलाही हवा होता.

खाडीच्या तोंडाजवळ, अगदी शेवटच्या घरात यसूबाय राहायची. एकटीच, पन्नाशीची, हाडाने मजबूत आणि जिभेने त्याहून. तिच्या अंगणातली उंडी सगळ्यांत जुनी. सासऱ्याने मरताना तिला जमीन दाखवली नाही, दागिना दाखवला नाही. झाड दाखवलं आणि म्हणाला, "सूनबाय, पायाला वारा आणि माथ्याला वाट, एवढं दे हिला. बाकीचं ती बघेल."

यसूबाय तेवढंच करी. वाऱ्याने दरवर्षी झाडाच्या बुंध्याशी वाळू साचे. ती पाऊस सरला की खाली बसून, नारळाची करवंटी घेऊन, ती वाळू हलक्या हाताने उपसून काढी. खोड जिथे रुंद होऊन मुळं फुटतात ती जागा उघडी दिसली की मगच उठे. गळलेली पानं बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या सावलीत पसरी. मग कमरेला करवत बांधून वर चढे आणि वाळलेली, एकमेकींना घासणारी फांदी तेवढी कापी, म्हणजे वारा न अडता आरपार जाई. हे सगळं करताना ती झाडाशी भांडे, त्याला शिव्या घाली, आणि कुणी दुसऱ्याने झाडाला नाव ठेवलं तर त्याच्याशी दोन दिवस बोलत नसे.

एका वर्षी निरोप आला की येत्या नारळी पौर्णिमेला राजा बंदरात येणार. सगळ्यांची धांदल उडाली. बंदराचा कारभार नगरशेठ बघे. माणूस वाईट नव्हता, पण कौतुकाचा भुकेला होता. त्याने चावडीवर सगळ्यांना बोलावलं.

"आपली झाडं हीच आपली दौलत," तो म्हणाला. "राजाने ती बघावी आणि बघतच राहावं. प्रत्येक झाडाला पार बांधा. कमरेइतका उंच, जांभ्याच्या चिऱ्यांचा. आत तांबडी माती चांगली ठोकून भरा. वरून चुना, कडेला तांबड्या कावेचा पट्टा. देवळापुढच्या पिंपळाला पार असतो, मग आपल्या उंडीने काय घोडं मारलंय?"

सगळ्यांना पटलं. पार बांधणं म्हणजे मान देणं, हे कुणाला पटणार नाही? महिनाभरात घरोघर पांढरेशुभ्र पार उभे राहिले. फक्त शेवटच्या घरात काही झालं नाही. तेव्हा नगरशेठ चार माणसं घेऊन स्वतः तिकडे गेला.

"यसूबाय, तुझ्या झाडाला मान नको काय?"

"हवा ना, शेट. पण झाड पायाने दम घेतं. तुम्ही त्याला कमरेपर्यंत पुरताय."

"पुरतोय? अगो, सजवतोय."

"तुम्हाला गळ्यापर्यंत रेशमात आवळून बांधलं, तर तुम्ही सजाल की गुदमराल?"

नगरशेठचा चेहरा पडला. चारचौघांसमोर ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. "तुझं झाड, तुझी मर्जी," तो म्हणाला. "पण बंदराची शोभा घालवू नकोस."

पौर्णिमेला राजाची पालखी आली. राजाने पार पाहिले, तोंडभरून कौतुक केलं, नगरशेठला शेला दिला. शेवटच्या घरापुढे मात्र नगरशेठने आधीच झावळ्यांचा उंच आडोसा उभा केला होता. तिथे काय आहे ते राजाला दिसलं नाही, आणि पालखी परत वळली.

आडोशामागे यसूबाय उभी होती. तिला फार लागलं. आपल्या झाडाची कुणाला लाज वाटावी, हे तिने कधी मनातही आणलं नव्हतं. ती बराच वेळ खोडाला पाठ टेकून उभी राहिली. मग पदराने डोळे पुसले आणि रागारागाने झावळ्या ओढून काढल्या.

पहिलं वर्ष बरं गेलं. झाड काही माणसासारखं लगेच कण्हत नाही. तिसऱ्या वर्षी इतर अंगणांत पानं बारीक यायला लागली. चौथ्या वर्षी शेंडे वाळले. लोकांनी झाडांची दृष्ट काढली, पारात आणखी माती घातली, चुन्याचा आणखी एक हात दिला. एवढं करूनही गुण येईना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "त्या यसूबायचीच नजर लागली." मग विहिरीवर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

हे कानांवर आल्यावरही यसूबाय चावडीवर गेली. "मला काय म्हणायचं ते म्हणा," ती म्हणाली. "पण पार फोडा. बुंधे आतून कुजतायत."

"राजाने नावाजलेले पार फोडू?" नगरशेठ म्हणाला. "उद्या बंदराला तोंड काय दाखवू?"

ती परत आली आणि करवंटी घेऊन आपल्या झाडापाशी बसली. दुसऱ्याच्या अंगणात तिचा हात पोचत नव्हता.

त्या वर्षी कार्तिकात भरदुपारी वादळ उठलं. बंदराच्या बावीस होड्या दर्यावर होत्या, आणि एका होडीवर नगरशेठचा थोरला मुलगा तांडेल होता. आधी वाकडी उंडी पडली. मग जोड उंडी. मग एकामागून एक झाडं आडवी होत गेली. पार जिथल्या तिथे राहिले आणि त्यांच्यातून बुंधे मोडून निघाले. मातीखालची साल काळी पडून भिजली होती, मुळं हाताने चुरडावीत इतकी मऊ झाली होती. नगरशेठची उंडी त्याच्याच ओसरीवर कोसळली.

वारा ओसरला तेव्हा दिवस मावळायला आला होता. होड्या किनाऱ्याजवळ पोचल्या, पण किनारा कुणाला ओळखू येईना. रोजचे शेंडे कुठेच नव्हते. पुढे खडक, मागे लाटा. नगरशेठच्या मुलाने डोळ्यांवर हात धरून काठ धुंडाळला. अगदी टोकाला त्याला एक हिरवा डेरा दिसला. पानं फाटली होती, एक फांदी लोंबत होती, पण झाड पाय रोवून उभं होतं.

"यसूबायची उंडी," तो ओरडला. "तिच्यावर नजर ठेवा आणि माझ्या मागून या."

बावीसच्या बावीस होड्या आत आल्या. काठावर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, आणि यसूबाय झाडाखाली उभी राहून एकेक होडी बोटावर मोजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरशेठ तिच्या अंगणात आला. खांद्यावर पहार होती आणि मान खाली होती.

"बाय, आडोसा बांधला तेव्हा मी चुकलो. शेंडे मोडून अकरा झाडं अजून उभी आहेत. ती वाचतील?"

यसूबायने त्याच्याकडे नीट पाहिलं. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. पण तिने आत जाऊन करवंटी आणली आणि त्याच्या हातात दिली.

"चिरे पहारेने काढा," ती म्हणाली. "माती हिने. मुळाला खरचटता कामा नये. चला, मी दाखवते."

आणि बंदराचा नगरशेठ अंगावरचा शेला बाजूला ठेवून पहिल्या उभ्या झाडाच्या पाराशी मातीत बसला. त्याच्या मागून सगळं बंदर बसलं. अकरांपैकी आठ झाडं जगली. पडलेल्या झाडांच्या जागी रोपं लावली, त्यांच्यावर नजर ठेवायला यसूबाय रोज सकाळी बंदरभर फिरू लागली, आणि जिथे वाळू साचलेली दिसे तिथे घरधन्याला दारातूनच हाक मारू लागली.

काही वर्षांनी राजा पुन्हा आला. "पार कुठे गेले?" त्याने विचारलं.

"महाराज," नगरशेठ म्हणाला, "ते चिरे आम्ही झाडांपासून दूर, चावडीपुढे बसायला लावलेत. झाडं आता बघा." आणि त्याने पालखी थेट शेवटच्या घरी नेली. राजाने उघडी, रुंद, वाळूत दूरवर गेलेली मुळं पाहिली. मग तो पालखीतून उतरला, पायातले जोडे काढले आणि म्हणाला, "हे झाड कुणाचं?"

"माझं," यसूबाय म्हणाली. मग तिने गोळा झालेल्या सगळ्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बंदराचं."

आजही त्या बंदरात नवी सून घरात आली की तिच्या हाती आधी करवंटी देतात. झाडाच्या पायाची ओंजळभर वाळू काढूनच ती उंबरा ओलांडते, आणि ते बघायला सगळी आळी अभिमानाने जमते.

तात्पर्य : ज्याला जपायचं त्याला सजवण्याआधी, ते श्वास कुठून घेतं हे पाहावं.