पाठीवरची थाप

रेड्यांना शिंगांचा माज नुकताच चढू लागला होता, तेव्हाची गोष्ट. एका रेड्याच्या काखेतल्या लसीकागाठीत एक टी-पेशी राहायची. अंगात घुसलेले शत्रू मारणं तिचं काम, पण अजून एकही मारला नव्हता, म्हणून ती सदा फणफणलेली.

तिथला रिवाज असा, की अंगभर हिंडून येणाऱ्या पहारेकरीण पेशीने वाटेत सापडलेला कशाचाही तुकडा, तो ओळखू शकणाऱ्या टी-पेशीला दाखवायचा आणि धोका असेल तरच पाठीवर थाप मारायची. तुकडा ओळखूनही थाप बसली नाही, तर टी-पेशी सुस्त होऊन पडायची.

एके दिवशी पहारेकरणीने तुकडा दाखवला.

“ओळखला!” टी-पेशी किंचाळली. “मार थाप, याच्या खानदानाचा फडशा पाडते!”

“अगं बये, हे रेड्याचंच कातडं आहे.”

“असू दे! माझ्या शौर्याचं काय?”

पहारेकरणीने हात मागे घेतला. टी-पेशी शिव्या देतादेताच पेंगली.

“खडूस म्हातारी!” शेजारची टी-पेशी पुटपुटली.

पुढे रेड्याला बाभळीचा काटा रुतला आणि जंतू आत घुसले. पहारेकरीण धावत आली, जंतूचा तुकडा त्या शेजारणीपुढे धरला आणि अशी थाप हाणली, की एकीच्या हजार होऊन त्या जंतूंवर तुटून पडल्या.

रेडा चिखलात मजेत लोळत होता. अंगावरचं कातडं एका न मारलेल्या थापेमुळे शाबूत आहे, याचा त्याला पत्ताही नव्हता.