गोगीआत्याचं हिरवं घर

फणसाच्या गार सावलीत राहायची एक गोगलगाय. नाव गोगी. तिचं घर तिच्या पाठीवर. शंखच छप्पर, शंखच भिंती.

एके सकाळी बघते तर काय, घराची चकाकी गेली! छपरावर शेवाळ. भिंतींवर शेवाळ. घर हिरवंगार!

आणि आज भावाच्या बाळाचं बारसं. गोगी बाळाची आत्या. नाव ठेवणार आत्याच. मग सगळ्याजणी आत्याच्या पाठीत घालणार धपाटे!

"अगं बाई! सगळ्यांचे हात हिरवे होतील की!"

गोगीनं पटकन पान पांघरलं. निघाली. सुळुक सुळुक.

"खारूताई, शेपटीनं घर झाड ना!"

"छे गं! ओलं शेवाळ शेपटीला चिकटतं. आधी ऊन पडू दे."

सुळुक सुळुक. उन्हाकडे.

"खार झाडेना, घर चमकेना, बारशाला कशी जाऊ? लाज वाटते बाई!"

ऊन म्हणालं, "वाटेत फांदी आडवी. आधी ती सरकू दे."

सुळुक सुळुक. फांदीकडे.

"ऊन पडेना, खार झाडेना, घर चमकेना, बारशाला कशी जाऊ? लाज वाटते बाई!"

फांदी म्हणाली, "मी काय आपली आपण नाचू? आधी वारा सुटू दे."

सुळुक सुळुक. वाऱ्याकडे.

"फांदी सरकेना, ऊन पडेना, खार झाडेना, घर चमकेना, बारशाला कशी जाऊ? लाज वाटते बाई!"

वारा म्हणाला, "अरेच्चा! पान बोलतंय? आत कोण?"

"मी गोगी."

"मग लपलीस का? आधी पान टाक."

"सगळे बघतील ना!"

"बघतील. बरं, मग?"

गोगीची मान आत. शिंगं आत. तिकडे बाळ बिननावाचं! गोगी हळूच म्हणाली,

"मी पान टाकेना, वारा सुटेना, फांदी सरकेना, ऊन पडेना, खार झाडेना, घर चमकेना... अय्या! म्हणजे अडलंय माझ्यापाशीच!"

डोळे मिटले. टाकलं पान!

वारा सुटला, सूं सूं! फांदी सरकली, सर्रर्र! ऊन पडलं, लख्ख! शेवाळ वाळलं, कुर्रकुर्र! खारीनं झाडलं, फटक फटक! घर चमकलं, चमचम!

गोगी पोचली बारशाला. वहिनी म्हणाली, "किती उशीर, वन्सं! बाळ बिननावाचं रडतंय."

आत्या वाकली बाळाच्या कानाशी. "कुर्रर्र! शंकू!"

बाळ हसलं. मुंगी आली, बेडकी आली, वहिनी आली. आत्याच्या पाठीत धपाटे, धप! धप! धप!

कुणाचाच हात हिरवा झाला नाही.

शंकूला मिळालं नाव, आत्याला वाटीभर घुगऱ्या, आणि तुम्हाला मिळाली गोष्ट.