खंडोपंतांचं बाळंतपण

सोसायटीच्या सभेत आमचे ससे बाहेर काढायचा ठराव येणार आणि माझी लेक ईरा रडून घर डोक्यावर घेणार, या काळजीने मला झोपच लागली नाही. जोडी एकाच पिंजऱ्यात ठेवली होती, पिल्लं झाली.

सभेत अध्यक्ष गुळवणीकाका कडाडले, "शिकल्यासवरल्या तुम्ही! नर-मादी वेगळे ठेवावेत, एवढंही कळू नये?"

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालूनच मी म्हणाले, "ठेवले असते, काका. पण ईराने सशांचं बारसं केलं, तेव्हा तुम्हीच त्यांना उलटंपालटं करून पाहिलंत. 'दोन्ही नर, माझी नजर चुकत नाही,' म्हणालात आणि बंडोपंत, खंडोपंत अशी नावं ठेवलीत. परवा खंडोपंत बाळंत झाले."

हशा आता काकांकडे वळला. त्यांनी चष्मा पुसला. "असो. ससे राहू द्या. पण पुढे उपाय काय?"

चारचौघांत सांगायला माझी जीभ रेटेना. "डॉक्टर म्हणाल्या, नराचं... छोटंसं ऑपरेशन केलं की पिल्लं होत नाहीत."

मांडीवरची ईरा दचकली. "आई, बाबांचं नको हं करू! मला बहीण हवीय."