जोड्यांपासून सुरू होणारी पंगत

कुरुळ्याच्या गुरुद्वाऱ्यात शिरताना, जोडे काढायच्या जागी एक काळा दगड आहे. चांगला रुंद, दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा. पण त्याच्यावर कुणी बसत नाही, जोडे ठेवतात. वाकून कडेखाली बोटं घातली तर कोरलेल्या कमळाच्या पाकळ्या हाताला लागतात. नक्षी मातीत आणि पाठ वर, असा तो मुद्दाम पालथा घातलेला आहे. आणि इथली लंगरची पंगत आतून, दरबाराच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाच्या बाजूने सुरू होत नाही. ती या दगडापासून सुरू होते. पहिली भाकरी जोड्यांशेजारी बसलेल्याला. पाहुणे विचारतात, हे असं उलटं का? तर ते निहालकौरच्या रागामुळे. सावकाश ऐकायची गोष्ट आहे.

फार मागे, गुरुद्वाऱ्याला मातीच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर होतं तेव्हा, मनसासिंग आणि त्याची बायको निहालकौर नांदेडकडून इथे येऊन राहिली, असं सांगतात. तो पाठ करी आणि रान कसी. ती लंगरची चूल सांभाळी. नाम घ्यावं, कष्टाचं खावं आणि खाण्याआधी वाटावं, एवढं गुरूंनी सांगितलेलं दोघांना ठाऊक होतं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं. गावकुसाबाहेरचा लखू त्यांच्या हाताशी असे. चुलीची माती त्याने आणलेली, विहिरीचा गाळ त्याने उपसलेला. जेवायला तो मनसासिंगाच्या मांडीला मांडी लावून बसे. गावाला ते खुपायचं, पण लंगरात येऊन बोलायची कुणाची छाती नव्हती.

मग दुष्काळ पडला. कणसात दाणा भरला नाही. लंगरच्या कणग्यांचा तळ दिसायला लागला. बायका लेकरं काखेला मारून येत आणि निहालकौर आंबिलीत रोज थोडं पाणी वाढवी. शेवटी नुसतं पाणीच उरलं. तेव्हा रखमाजी देशमुखाने ज्वारीच्या गाड्या धाडल्या आणि मागोमाग स्वतः घोड्यावर यायला निघाला. पहिलं पोतं उतरवून निहालकौरने जातं फिरवलं आणि तवा चढवला.

मनसासिंगाचे डोळे भरून आले. आणि तिथेच तो चुकला. ओढ्याकाठी हा नक्षीचा दगड पडलेला होता. लखूला बरोबर घेऊन त्याने तो घामाघूम होत आणला, पंगतीच्या वरच्या टोकाला मांडला आणि त्यावर नवी घोंगडी अंथरली. उपकाराची जाण ठेवावी, एवढंच त्याच्या मनात होतं म्हणे.

देशमुख आला आणि दगडावर बसला. एकदा वर बसल्यावर खालचं दिसायला लागतं. त्याच्या कारभाऱ्याने पंगतीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "मालक जेवायला बसलेत. ही बाहेरची माणसं इथे कशाला? पदरात भाकरी घेऊन जोड्यांपाशी बसू द्या त्यांना."

मनसासिंगाने मान खाली घातली. "लखू, आजच्या दिवस, बाबा. ज्वारी त्यांची आहे."

लखू उठला. "दगड उचलतानाच वाटलं होतं, दादा," तो म्हणाला, "हा आपल्याला जड जाणार." आणि जोड्यांपाशी जाऊन उभा राहिला. उपरण्याची झोळी पसरून.

निहालकौर भाकऱ्यांची परात घेऊन बाहेर आली ती नेमकी त्या वेळी. तिने लखूची झोळी पाहिली. मग दगड, घोंगडी, वर मांडी घालून बसलेला देशमुख. तव्याच्या धगीने लाल झालेलं तिचं तोंड पांढरं पडलं, असं सांगतात.

"हे कुणी केलं?"

"निहाल, हळू बोल," मनसासिंग म्हणाला. "क्रोध हा मनातल्या पाच चोरांतला एक."

"अहंकारही त्या पाचांतलाच ना? त्याला तर तुम्ही घोंगडी अंथरून वर बसवलंत!" तिचा आवाज ओढ्यापलीकडे गेला. "देशमुखांना मी काय बोलू? त्यांना कुणी शिकवलं नाही. तुम्हाला शिकवलं होतं. ज्या दारात आपण सगळे एका रांगेत बसायला शिकलो, त्याच दारात तुम्ही माणसाला झोळी पसरायला लावलीत?"

ती तरातरा चालत गेली आणि जोड्यांच्या धुळीत लखूशेजारी खाली बसली. "बस रे. पंगत इथून सुरू."

देशमुख दगडावरून उठला. "बाई, ज्वारी माझी आहे."

"पेरली कुणी, खुरपली कुणी, ते विचारा तुमच्याच गाडीवानांना."

"गाड्या जुंपा!" देशमुख ओरडला. "एक दाणा इथे राहता कामा नये!"

एका बाईने निहालकौरचा हात धरला. तिच्या काखेतलं पोर रडायचंही थांबलं होतं. "निहालबाई, लेकरं मरतील गं. बसू दे की त्याला वर. आपलं काय जातंय?"

 त्या पोराकडे निहालकौरला बघवेना. पण ती उठली नाही. "आज तो वर बसला," ती म्हणाली, "तर उद्या तुझं हे पोर कुठे बसेल, ते सांग मला."

 बाई पोराला घेऊन तिथेच, धुळीत टेकली.

गाडीवानांत धुळबा नावाचा म्हातारा होता. त्याच्या हातात बैलाचं जुपणं तसंच राहिलं होतं. त्याने ते खाली टाकलं. "पहाटेपासून पोटात काही नाही, मालक. जेवतो आणि जुंपतो." आणि जाऊन लखूच्या पलीकडे बसला. मग दुसरा गाडीवान आला, मग तिसरा. पंगतीत आधी बसलेलेही उठून इकडे आले. बैल नुसते उभे. वरच्या टोकाला देशमुख, त्याचा कारभारी आणि घोंगडी.

जेवणं झाल्यावर गाडीवानांनी भांडी घासली आणि कुणी न सांगता पोती कणगीत रिकामी केली. देशमुख ओरडून ओरडून थकला आणि घोड्यावर चढला. तेव्हा निहालकौर भाकरी घेऊन त्याच्या रिकिबीपाशी गेली. राग उतरला होता असं नाही. "इथून कुणी उपाशी जात नाही. तुमची जागा ठेवली आहे. पण खाली."

त्याने घोड्याला टाच मारली. तो परत कधी आला नाही.

ती ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरली म्हणे. कुणी त्याला चमत्कार म्हणतं. जुनी माणसं म्हणायची, चमत्कार कसला, वर बसून खाणारं कुणी नव्हतं म्हणून पुरली. मनसासिंगाने दगड एकट्याने ढकलत दारापाशी आणला आणि पालथा घातला. मरेपर्यंत तो येणाऱ्याचे जोडे पुसत असे. निहालकौर त्याच्याशी पुन्हा बोलायला लागली, पण त्या दगडाकडे तिने कधी वळून पाहिलं नाही.

आजही कुरुळ्याची पंगत जोड्यांपासून सुरू होते. आमदार येवो की मजूर, कुणाखाली वेगळं काही अंथरत नाहीत. आणि पंगतीच्या शेवटी एक जागा रिकामी सोडून तिथे भाकरी वाढतात, ती रखमाजी देशमुखाची. उशिरा आलेला कुणीतरी ती खातो. देशमुख काही बसला नाही. कुरुळ्याने निहालकौरचा राग सोडलेला नाही, आणि ती जागाही काढलेली नाही.