मीना म्हणजे कोण?

चला, पाय आत घ्या, पांघरुणं ओढा आणि ऐका. समुद्राकाठी धीरसेन नावाचा राजा राहायचा. त्याला मुलगी झाली. मग बारशाला त्याची थोरली बहीण, गोदूआत्या आली. तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव ठेवलं मीना.

राजा उडालाच. "अगं ताई, मीन म्हणजे मासा! राजाची लेक काय मासोळी?"

मग त्यानं नाव बदललं. काय ठेवलं? राजराजेश्वरी त्रिभुवनसुंदरी चंद्रप्रभादेवी! पोरगी चांगली मोठी झाली, पण त्या नावाला ओ देईना. आत्यानं "मीने" म्हटलं की मात्र धावत यायची.

एकदा काय झालं, ती खेळता खेळता होडीत जाऊन बसली. दोर सुटला. होडी निघाली समुद्रात! राजा किनाऱ्यावर धावला, ओरडला, "राजराजेश्वरी त्रिभुवनसुंदरी चंद्र..." चंद्रापर्यंत येईतो होडी कुठल्या कुठे! पोरीला वाटलं, बाबा दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत. राजा मटकन वाळूत बसला आणि रडायलाच लागला.

मग आत्यानं पदर खोचला. "मीनाऽऽ!"

समुद्रातले मासे जुने जाणते. त्यांना संस्कृत यायचं, बरं का. ते म्हणाले, "आपल्यालाच हाक मारली!" सगळे वर आले आणि होडीला वेढा घालून बसले. होडी थांबली.

"मीनाऽऽ!"

बंदरावर एक इराणी व्यापारी होता. त्याच्या भाषेत मीना म्हणजे दागिन्यांवरची निळी चकाकी. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आलं! पेटी घेऊन धावत आला, बघतो तर हे असं. मग त्यानं पेटी टाकली, डोक्याचा लांबलचक फेटा सोडला आणि टोक भिरकावलं. पोरीनं ते होडीला घट्ट बांधलं. पण ओढता ओढता व्यापारीच पाण्यात जायला लागला!

"मीनाऽऽ!"

शेजारच्या गलबतावर जपानी खलाशी जेवत होते. त्यांच्या भाषेत मिना म्हणजे सगळे. मग काय, सगळेच उठले, आचाऱ्यासकट! एकमेकांच्या कमरा धरल्या आणि ओढली की होडी काठाला.

राजानं लेकीला कवटाळलं. "मासोळी, चकाकी की सगळे? तुझ्या नावाचा खरा अर्थ कुठला गं, मीना?"

पोरगी म्हणाली, "अहो बाबा, मीना म्हणजे मी ना!"

मग राजानं खलाशांना जेवू घातलं, व्यापाऱ्याला नवा फेटा दिला, माशांना लाह्या टाकल्या. सगळे आनंदात राहिले. आता तुम्हीही डोळे मिटा बघू, माझ्या राजांनो.